सरकारचं ऐकायचं की देवाचं? धर्माच्या रकान्यापासून सुरुवात करू

ताज्या भागात जे बोललो ते इथे लिहून ठेवतोय. एसटी घाटात शिरली आणि आवाज तुटायला लागला, तर वाचून घ्या.

खामगाव, मलकापूर, चिखलीकडच्या पोरापोरींचा एक प्रश्न फिरून फिरून येतो. दादा, पौल म्हणतो सरकारच्या अधीन राहा आणि पेत्र म्हणतो देवाचं आधी ऐका, मग आम्ही करायचं काय? प्रश्न शास्त्राचा वाटतो. पण थोडं खोदलं की खाली सेतू केंद्रातला फॉर्म निघतो. त्यावर 'धर्म' असा शब्द आणि पुढे रिकामी जागा. त्या जागेकडे येऊच, पण आधी थोडं मागे जाऊ.

पौलाने रोमकरांस पत्र लिहिलं तेव्हा गादीवर नीरो होता. म्हणजे सरकार भलं आहे म्हणून अधीन राहा, असं काही तो सांगत नव्हता. आणि हाच पौल फिलिप्पैमध्ये कसा वागला बघा. चौकशी न करता फटके मारले, तुरुंगात टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी अधिकारी म्हणाले की गुपचूप सोडून द्या. पौल हललाच नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढा, असा निरोप त्याने पाठवला. पुढे तर त्याने थेट कैसराकडे अपील केलं. अधीन राहणं म्हणजे तोंड बंद ठेवणं, हा अर्थ त्याच्या वागण्यातून तरी निघत नाही. पेत्राचंही तसंच. प्रचार करू नका असा हुकूम झाला, त्याने भर मंदिरात प्रचार केला, आणि फटके पडले तेव्हा ते सोसले. दोघांनीही लपवाछपवी केली नाही. मला तर वाटतं, वरवर भांडणाऱ्या या दोन आज्ञा इथेच एकमेकींना भेटतात. हुकूम मानायचा तर उघड, मोडायचा तर तेही उघड, आणि त्याची किंमत आपल्या खिशातून.

मराठीत याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आता १८९७ चं पुणं डोळ्यांपुढे आणा. शहरात प्लेग, आणि मध्य प्रांतात दुष्काळ. रमाबाई दुष्काळातल्या शेकडो मुली घेऊन आल्या होत्या, आणि प्लेगच्या नियमांमुळे इतक्या मुली शहरात ठेवायला मनाई होती. रमाबाईंनी नियम पाळला. मुलींना घेऊन त्या केडगावला गेल्या. तिथे नीट इमारतीही नव्हत्या, तात्पुरत्या झोपड्यांत राहायचं होतं. साथीच्या काळातला नियम आहे, लोकांच्या जिवासाठी आहे, मग गैरसोय होईना का.

पण त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्राला एक पत्र लिहिलं. प्लेगच्या सरकारी रुग्णालयात बायकांची काय दशा होते, त्यांची अब्रू कशी सुरक्षित राहत नाही, हे त्यात स्वतःच्या सहीने लिहिलं. हा गाजावाजा थेट लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेला. गव्हर्नर सँडहर्स्टने आरोप फेटाळले.

तो काळ किती जोखमीचा होता तेही बघा. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. इंग्लंडमध्ये पुण्यातल्या अत्याचारांबद्दल बोललेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना पुरावा देता आला नाही, परत आल्यावर जाहीर माफी मागावी लागली. सप्टेंबरमध्ये टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. आणि 'ख्रिस्ती झाली म्हणजे सरकारची झाली' असं समजणारे लोक पुण्यात कमी नव्हते. रमाबाईंनी मात्र सरकारचा हुकूम पाळला आणि त्याच सरकारचं चुकलेलं छापूनही आणलं. त्यांच्या लेखी यात विसंगती नव्हती. मलाही दिसत नाही.

दुसरी गोष्ट पटकन सांगतो, कारण ती आपल्याच जुन्या प्रांतातली आहे. बुलढाणा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. १९३२ साली याच प्रांतातल्या मंडला जिल्ह्यात व्हेरियर एल्विन हा इंग्रज धर्मगुरू गोंडांमध्ये राहायला गेला. सोबत पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातला त्याचा मराठी सोबती शामराव हिवाळे. नागपूरचे बिशप वुड यांचं म्हणणं पडलं की राजनिष्ठेची शपथ घे, मगच परवाना. एल्विन गांधीजींच्या बाजूचा. जी निष्ठा मनात नाही तिची शपथ कशी घेऊ, म्हणून त्याने नकार दिला. परवाना गेला. काही वर्षांत त्याने चर्चही सोडलं. बिशपांना काही वाईट ठरवायची गरज नाही, पण सरकारची निष्ठा तपासायचं काम चर्चने कशाला अंगावर घ्यावं, हा प्रश्न मला आजही पडतो.

स्वतंत्र भारतातही हा प्रश्न आला. १९८५ साली केरळमध्ये तीन भावंडांना शाळेतून काढलं. ती यहोवाचे साक्षीदार या पंथाची होती. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहायची, फक्त गायची नाहीत, कारण त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. राष्ट्रगीत गायलाच पाहिजे असा कायदा नाही, आणि नीट उभं राहण्यात अपमान नाही. ती पोरं घरी बसून राहिली नाहीत आणि ओठ हलवून गायल्याचं नाटकही केलं नाही, हे मला त्या खटल्यात जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता तो रकाना.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. म्हणून अनेक घरांत रविवारी उपासना असते आणि टीसीवर 'हिंदू' असतं. आजोबांनी तसं लिहिलं, बाबांनी चालू ठेवलं. या घरांना मी नावं ठेवणार नाही. बाप्तिस्मा झाला म्हणून गावाने जात विसरली, असं काही होत नाही. हा नियम अन्यायाचा आहे असंच माझं मत आहे.

पण २६ नोव्हेंबर २०२४ चा सेल्वराणी खटल्याचा निकाल माहीत असू द्या. पुदुच्चेरीतल्या या बाईंचा बाप्तिस्मा झालेला होता, त्या चर्चला जात होत्या, आणि नोकरीसाठी हिंदू म्हणून अनुसूचित जातीचा दाखला मागत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवून घेणं ही राज्यघटनेशी फसवणूक आहे, इतक्या कडक शब्दांत.

कुणी म्हणेल, निर्गममधल्या सुइणी फारोशी खोटं बोलल्याच की! बोलल्या. पण समोर बाळांचे जीव होते आणि फायदा दुसऱ्याचा होता.

रकाना भरायचाच नसेल तर? तीही वाट आहे. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयात काही जण गेले होते. आम्ही येशूला मानतो पण कुठलाच धर्म मानत नाही, तशी नोंद करा, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयाने सांगितलं की धर्म जाहीर करायची सक्ती सरकार करू शकत नाही, 'धर्म नाही' असं सांगायचाही हक्क आहे. मात्र त्याने अनुसूचित जातीचा दाखला मिळेल असं समजू नका.

आणि एक उदाहरण तर आपल्या गल्लीतलंच आहे. १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतलेल्या आपल्या बौद्ध शेजाऱ्यांनी उघडपणे 'बौद्ध' लिहिलं. केंद्राच्या सवलती त्यांना १९९० पर्यंत नव्हत्या. चौतीस वर्षं! त्यांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली, आणि आदेश बदलून घेतला. ते कागदावर दिसत होते म्हणून त्यांची मागणी मोजता आली. दलित ख्रिस्ती लोकांसाठीची याचिका २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली, २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. आयोगाने विचारलं की असे लोक बुलढाणा जिल्ह्यात किती, तर आपल्या कागदांवरून आकडा काय निघेल?