हायड्रोजनची साठवण आणि सामायिक प्रयोगशाळेचे प्रयोजन

घन पदार्थात हायड्रोजन साठविता येतो, ही गोष्ट नवी नव्हे. पॅलेडियम हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन पोटात घेतो, हे थॉमस ग्रॅहम याने १८६६ मध्येच दाखविले होते. वायू पृष्ठभागास नुसता चिकटून राहिला, तर ते अधिशोषण. त्याचे अणू विलग होऊन अंतर्भागात शिरले, तर ते शोषण. मराठी लेखनात दोहोंसाठी एकच शब्द सैलपणे योजला जातो. प्रस्तुत विषयात तो सैलपणा परवडणारा नाही.

उत्प्रेरकाचे कार्य शोषणाच्या संदर्भात विशेष ध्यानात येते. सोडियम-ॲल्युमिनियम हायड्राइड हे संयुग तापविल्यास हायड्रोजन सोडते. परंतु तो परत घेण्यास सहजासहजी तयार होत नाही. जर्मनीतील म्युलहाइम येथे बोगदानोविच व श्विकार्डी यांनी त्यात टायटॅनियमचा अल्प अंश मिसळला, आणि ही देवघेव दोन्ही दिशांनी शक्य असल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. उत्प्रेरकाने समतोल ढळत नाही, केवळ वेग वाढतो.

खरी अडचण मोजणीची आहे. नमुना एक ग्रॅमचा व त्यातील हायड्रोजन शेकडा एक असेल, तर मोजावयाचे वजन अवघे १० मिलिग्रॅम. उलट पाण्याचा एक रेणू हायड्रोजनच्या नऊ रेणूंइतका जड! लिथियममिश्रित कार्बन-नलिका शेकडा २० हायड्रोजन धारण करतात, असा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी कोरडा वायू वापरून केलेल्या प्रयोगांत तो आकडा शेकडा २.५ वर उतरला. उरलेले बहुतांश वजन ओलाव्याचे होते. दुसऱ्या एका प्रकरणात श्रेय नलिकांना मिळाले होते; पण स्वनातीत कंपनाने नमुना तयार करताना उपकरणाच्या टोकाचे टायटॅनियम-मिश्रधातूचे कण त्यात झडून पडले होते, आणि हायड्रोजन धरून ठेवीत होते ते कण, असे २००१ मध्ये दाखविण्यात आले. वजनाऐवजी दाबावरून मोजावे, तरी धोका टळत नाही. ज्ञात आकारमानाच्या पात्रातील वायू नमुन्यावर सोडावयाचा आणि दाब किती उतरला त्यावरून हिशेब मांडावयाचा, अशी ही रीत आहे. सूक्ष्म गळतीनेही दाब उतरतोच, आणि तो वायू नमुन्याच्या खाती जमा होतो.

अशा चुका अप्रामाणिकपणाच्या नव्हेत. किंबहुना आपल्याच उपकरणावर विश्वास ठेवणाऱ्या काळजीवाहू संशोधकाकडूनच त्या अधिक घडतात. म्हणूनच नमुना ज्याने केला त्याच्याखेरीज अन्य कोणी तो मोजावा, ही सोय आवश्यक ठरली. अमेरिकेत टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये असे तटस्थ परीक्षण होऊ लागले. शुद्ध एकपदरी कार्बन-नलिकांवरील वाहनांसाठीचे काम तेथील ऊर्जाविभागाने २००६ मध्ये थांबविले. २०१५ मध्ये सँडिया, लॉरेन्स लिव्हरमोर आणि लॉरेन्स बर्कली या राष्ट्रीय प्रयोगशाळांनी एकत्र येऊन संघ उभारला. गणन, संश्लेषण व मापन यांची जी साधने एकट्या विद्यापीठाच्या आवाक्याबाहेरची, ती बाहेरच्या संशोधकांनाही त्यामुळे उपलब्ध झाली.