कार्ड नवं, डबा जुना

विरार पश्चिमेला स्टेशनवरून आगाशी-अर्नाळ्याच्या दिशेने निघालं की बोळिंज लागतं. इथे जुन्या गावाच्या शेजारीच म्हाडाच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा, फ्लॅटच्या इंटिरिअरची थ्रीडी चित्रं काढणारा किंवा रात्री जेवणं आटोपल्यावर गेम खेळत बसणारा कॉलेजकुमार, यांच्या घरी टेबलाखाली अजून डेस्कटॉपचा डबा असतो. तो रखडायला लागला की एकच तोडगा सुचतो: मशीन तेच ठेवू, ग्राफिक्स कार्ड तेवढं नवं टाकू.

मग विरार लोकलने ग्रँट रोड गाठायचं आणि तिथून लॅमिंग्टन रोड. पाट्यांवर तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण कॉम्प्युटरचं सामान घ्यायला निघालेला माणूस अजूनही १९०३ साली मुंबईत आलेल्या गव्हर्नरच्याच नावाने पत्ता विचारतो. संध्याकाळच्या गर्दीत कार्डाचं खोकं पोटाशी धरून परत यायचं, कॅबिनेट उघडायचं, कार्ड बसवायचं आणि बटण दाबायचं. कधी चित्र झकास उमटतं. कधी पंखे फिरतात, पण स्क्रीन काळाच राहतो. अशा वेळी पहिला संशय नव्या कार्डावर जातो. खोट मात्र पुष्कळदा जुन्या डब्यातच असते, आणि कार्ड घ्यायच्या आधी डबा उघडून पाहिला असता तर ती दिसलीही असती.

सुरुवात एसएमपीएसपासून करावी. भिंतीतली वीज मशीनला लागणाऱ्या व्होल्टेजवर आणणारी ही पेटी स्वस्त असेंबल्ड पीसीत बऱ्याचदा कॅबिनेटबरोबरच येते. तिच्या स्टिकरवर ठळक ४५० लिहिलेलं असतं आणि तिथेच बहुतेकांचं वाचन थांबतं. कामाचा आकडा खालच्या बारीक तक्त्यात, १२ व्होल्टच्या रकान्यात असतो, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही आपली बहुतेक वीज तिथूनच घेतात. त्या रकान्यात १८ अँपिअर असतील, तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. वरचे ४५० कुठून आले, ते छापणाऱ्यालाच ठाऊक.

आता कार्डाची भूक पाहू. मदरबोर्डवरचा लांब स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. एसएमपीएसमधून येणारी सहा पिनांची वायर आणखी ७५ वॅटची, आठ पिनांची १५० वॅटची. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेलं आणि २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० नुसत्या स्लॉटवर भागवतात. त्यांना वेगळी वायर लागत नाही. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, त्याच्या आधीच्या पिढीतल्या आरटीएक्स ३०६० ला १७०. एन्व्हिडिया ४०६० साठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. एसएमपीएस अपुरा असला की लक्षण फसवं असतं. विंडोज नीट उघडतं, यूट्यूब चालतं, पण गेम रंगात आला किंवा व्हिडिओ रेंडरला लावला की मशीन फटकन बंद पडतं. हलकी कामं सुरळीत आणि जड काम आलं की अंधार, असं होत असेल तर ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी एसएमपीएस बदलून पाहावा. आठ पिनांची वायरच नाही म्हणून हार्ड डिस्कच्या वायरीला जोड लावून काम भागवणं तर धोक्याचं. स्वस्त जोड तापून वितळतात. महाग कार्डंही याला अपवाद नाहीत. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० च्या सोळा पिनांच्या जोडण्या वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. प्लग पूर्ण आत न बसणं हे त्यामागचं एक मुख्य कारण निघालं आणि पुढे त्या जोडणीची रचना सुधारावी लागली.

बोळिंजमध्ये आणखी एक दुवा तपासावा लागतो, तो म्हणजे यूपीएस. पावसाळ्यात महावितरणची वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून डेस्कटॉपखाली यूपीएस असतोच. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, आणि त्यात मॉनिटरही आला. जुन्या मशीनला तो पुरत होता. नवं कार्ड भरात असताना वीज गेली की तो किंचाळतो आणि सगळंच बंद करतो. शिव्या मात्र कार्डाला बसतात.

ऑफिसांतून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप स्वस्तात मिळतात. त्यांच्यात अडचण वेगळी असते: डबा अरुंद असल्याने कमी उंचीचंच कार्ड मावतं, आणि एसएमपीएसचा प्लग कित्येकदा त्या कंपनीचा खास असतो, त्यामुळे बाजारातला बसत नाही. अशा डब्यासाठी वेगळी वायर न लागणारं कार्डच बरं. मोजपट्टी मात्र मोठ्या कॅबिनेटलाही लावावी. तीन पंख्यांची काही कार्डं ३०० मिलिमीटरच्या पुढे जातात.

कामाप्रमाणे निवड म्हणजे नुसतं बजेट पाहणं नव्हे. २०२२ चं आरएक्स ६५०० एक्सटी किमतीमुळे मोह पाडतं, पण ते स्लॉटच्या चारच लेन वापरतं, त्यामुळे जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३ च्या बोर्डावर मागे पडतं. वर त्यात व्हिडिओ एन्कोड करणारी यंत्रणाच नाही. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याला हे घरी आल्यावर कळलं तर काय उपयोग? दाविंची रिझॉल्व्हसारखं सॉफ्टवेअर कार्डावर भरपूर भार टाकतं, तिथे ८ जीबी मेमरीही फोर-केच्या कामाला तोकडी पडू शकते. टॅली आणि एक्सेलवाल्याने मात्र कार्डाऐवजी एसएसडी घ्यावी.

स्क्रीन काळाच राहिला तर आधी मागची केबल पाहावी. ती मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये राहिली असेल तर काढून कार्डात खोचावी. हसू येईल, पण ही चूक रोज कुठे ना कुठे होते. मग कार्ड काढून, खटका लागेपर्यंत पुन्हा दाबून बसवावं. तरीही चित्र नसेल तर मदरबोर्डचं बायोस अपडेट करून पाहावं. चित्र येतं पण झटके देतं, असं असेल तर जुना ड्रायव्हर डीडीयू या सॉफ्टवेअरने मुळापासून काढून नवा टाकावा.

सेकंड हँड घेताना सावध राहावं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाने मायनिंगची पद्धत सोडली आणि त्या कामावर महिनोन् महिने चोवीस तास राबलेली कार्डं बाजारात आली. खाऱ्या हवेत पडून राहिलेल्या कार्डाच्या पत्र्यावर गंज दिसतो, तोही टॉर्च लावून पाहावा. दहा वर्षांपूर्वीची जीटीएक्स १० मालिका अजून विकली जाते, पण एन्व्हिडियाने तिचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. याहून वाईट म्हणजे जुन्या चिपचं बायोस बदलून तिला नवं नाव दिलेली कार्डं. विकणाऱ्याच्याच मशीनवर जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवावं. अशी ठगी ओळखली की ते नावासमोर इंग्रजीत ‘फेक’ असं लिहून दाखवतं. मग फरमार्क या चाचणीच्या सॉफ्टवेअरने पंधरा मिनिटं भार टाकून तापमान पाहावं, कार्डावरचा सिरीयल नंबर बिलाशी जुळवावा आणि त्यानंतरच पैसे द्यावेत.