आधी माती, मग पाणी

एक हेक्टर काळी जमीन घ्या. माती मीटरभर खोल असेल आणि पावसाने पुरती भिजली असेल, तर पिकाला उचलता येईल असे सुमारे २०० मिलिमीटर पाणी तिच्यात मावते. हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. २०० मिलिमीटरचे झाले वीस लाख लिटर. तीस बाय तीस मीटरचे, तीन मीटर खोल, उतरत्या बाजूंचे शेततळे काठोकाठ भरले तरी त्यात बावीस लाख लिटरच्या आसपासच पाणी बसते. म्हणजे अडीच एकर भारी जमीन आणि एक मोठे शेततळे यांची साठवण जवळजवळ सारखी. शेततळ्याला खोदाई, प्लास्टिक, कुंपण, पंप, शिवाय उन्हाळाभर उडून जाणारे पाणी. मातीतल्या साठ्याला यातले काही लागत नाही. त्याला अनुदान नाही, फीत कापायची सोय नाही, आणि म्हणून बहुधा त्याची कुठे नोंदही नाही.

महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यातला गेल्या दीडशे वर्षांचा पाणीविचार पाहिला, तर ‘पाणी कुठून आणायचे’ हा प्रश्न आपण सतत विचारत आलो. आपली माती किती पाणी धरते आणि किती पाणी सोसते, हा प्रश्न मोजक्या वेळा विचारला गेला. त्याची उत्तरेही चांगली मिळाली, पण ती फायलीत राहिली.

हा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. पुणे-साताऱ्याचा पूर्व भाग, आटपाडी-जत, सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव. पाऊस बहुतेक ठिकाणी ५०० ते ७५० मिलिमीटर. आकडा वाईट नाही. वाईट आहे ते त्याचे येणे. जूनमध्ये हूल, जुलै-ऑगस्टमध्ये ओढ, आणि सप्टेंबरात दोन-चार दिवसांत निम्मा पाऊस. तो पडतो ती माती बेसाल्टपासून झालेली, पण एकाच शिवारात तिच्या तीन जाती. माळावर वीतभर मातीखाली मुरूम, मधल्या पट्टीत मध्यम जमीन, ओढ्याकाठी पुरुषभर खोल काळी. माळाची जमीन आठ दिवसांत तहानते. काळीला दोन महिने पाऊस नसला तरी चालतो, पण जास्त पाणी झाले की ती आठ-आठ दिवस पाऊल ठेवू देत नाही. या दोघींना एकच योजना लावणे म्हणजे पैसा वाया घालवणे.

नेमके तेच इंग्रजांच्या हातून झाले. १८७६-७७ च्या दुष्काळाने हादरलेल्या सरकारने दख्खनमध्ये कालव्यांचा धडाका लावला. नीरा डाव्या कालव्यातून १८८५ च्या सुमारास पाणी सुटले. हेतू संरक्षणाचा होता: दुष्काळात ज्वारी-बाजरी जगावी. पण काळ्या जमिनीचा शेतकरी चांगल्या पावसाच्या वर्षी पाण्याला हातच लावीना. ज्वारीला जमिनीतली ओल पुरत असताना पाणीपट्टी कशाला भरायची, हा त्याचा हिशेब. तो अडाणी होता असे सरकारी कागदांतून सुचवले गेले. मला तरी तो हिशेबात अभियंत्यांपेक्षा पक्का वाटतो. कालव्याचा खर्च भागवायला मग बारमाही पीक हवे होते, आणि ते उसाच्या रूपाने आले. सासवडकडचे माळी बागाईतदार कालव्याखाली उतरले, खंडाने जमिनी घेऊन गुऱ्हाळे चालवू लागले. महसूल वाढला.

आणि जमिनी बिघडू लागल्या. कालव्याची झिरप, वाफ्यात सोडलेले मोकाट पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे भूजल वर आले. बाष्पीभवनाने पाणी उडते, क्षार मागे राहतात. दोन पिढ्यांच्या आत बारामतीकडच्या शेतांवर पांढरा थर दिसू लागला. गणित सोपे आहे. लिटरला अर्धा ग्रॅम क्षार असलेले पाणी उसाला वर्षाला दोन मीटर दिले, तर हेक्टरी दहा टन क्षार शेतात येतात. ते धुऊन बाहेर जाण्याची वाट नसेल तर जमीन आधी पाणथळ, मग खारवट आणि शेवटी चोपण होते. क्षार गेले तरी सोडियम चिकणमातीला धरून बसतो, मातीची रचना मोडतो आणि पाणी खाली जाऊच देत नाही. अशी जमीन सुधारायला जिप्सम लागते, निचरा लागतो आणि शेतकऱ्याची बरीच वर्षे लागतात.

सरकार झोपले होते असे मात्र नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत सुचवली. ऊस ठरावीक तुकड्यातच घ्यायचा, बाकी क्षेत्रात हंगामी पिकांचा फेरपालट, म्हणजे पाणी विखुरते आणि जमिनीला विसावा मिळतो. १९१६ साली मुंबई सरकारने दख्खनच्या कालव्यांखालील जमिनींचा बिघाड आवरण्यासाठी सिंचनाचा खास विभाग काढला. त्याच रोपट्यातून पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था वाढली. आज तिथे धरणे-बंदरांची मॉडेले पाहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की या संस्थेचा जन्म बिघडलेल्या जमिनीपोटी झाला? क्लॉड इंग्लिस आणि गोखले यांनी नीरेच्या खोऱ्यात चर खणून निचऱ्याचे प्रयोग केले. १९३२ मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले आणि तिथे बसू व सिरूर यांनी कालव्याखालच्या मातीची शास्त्रीय वर्गवारी केली. कोणत्या मातीला किती पाणी द्यावे, कोणत्या मातीला देऊच नये, हे नव्वद वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे.

दुसरी वाट कोरडवाहूची. हॅरल्ड मान मुंबई इलाख्याचे शेती संचालक असताना १९२३ मध्ये मांजरीला कोरडवाहू संशोधन सुरू झाले, १९३३ पासून सोलापूरला स्वतंत्र केंद्र चालू झाले, आणि कानिटकरांच्या नेतृत्वाखाली एक पद्धत आकाराला आली. तिला ‘मुंबईची कोरडवाहू पद्धत’ म्हणत. बांध घालायचे, काही वर्षांतून एकदा खोल नांगरायचे, पावसाळ्यात पुन्हा पुन्हा कुळवून पाणी मुरवायचे, बी कमी आणि अंतर जास्त ठेवून पेरायचे, आणि पेरणीनंतर कोळपण्या करून भेगा बुजवायच्या. सारा डाव पावसाळ्यातले पाणी रब्बीसाठी मातीत कोंडण्याचा. मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी या डावाचे खरे फळ. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, नंतर थेंब पडला नाही तरी निव्वळ ओलीवर कणीस भरायचे, आणि वर जनावरांना कडबा. इतक्या संकरित जाती आल्या, तरी सोलापूर-मंगळवेढ्याच्या भाकरीत मालदांडीच टिकून आहे.

ही पद्धत अपेक्षेइतकी पसरली नाही. बैलांचे कष्ट फार आणि उत्पन्नातली वाढ बेताची, हे एक कारण. दुसरे बांधांचे. १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर समपातळी बांधांची मोहीम निघाली, दुष्काळी कामांवर मैलोन् मैल बांध पडले. हलक्या-मध्यम जमिनीत ते उपयोगी ठरले. खोल काळीत मात्र बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून पीक पिवळे पडे, उन्हाळ्यात बांधाला भेगा जात आणि पुढच्या मोठ्या पावसात तो फुटे. तिथे हवे होते ते हलक्या उताराचे, जादा पाणी सावकाश बाहेर काढणारे बांध. पुढे सोलापूर केंद्राने बंदिस्त वाफ्यांची शिफारस केली: पावसाळ्यातच रान सहा ते दहा मीटरच्या चौकोनांत विभागायचे, पडेल ते पाणी जागच्या जागी मुरवायचे आणि मग रब्बी पेरायची. ट्रॅक्टर आणि सारायंत्र असले की काम चटकन उरकते. खरिपात, विशेषतः सोयाबीनला, हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये घडलेली रुंद वरंबा-सरी पद्धत आता ‘बीबीएफ’ या नावाने मराठवाड्यात रुळते आहे. पावसाने ताण दिला तर सरीत ओल राहते, झोडपले तर सरीतून पाणी निघून जाते. अलीकडच्या लहरी पावसात इतका स्वस्त विमा दुसरा नाही.

१९७२ च्या दुष्काळाने रोजगार हमी दिली आणि गावोगाव पाझर तलाव. पण पाण्याच्या मालकीचा प्रश्न धिटाईने विचारला तो विलासराव साळुंखे यांनी. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात देवस्थानची चाळीस एकर माळजमीन घेऊन त्यांनी पाणलोटाचे काम केले आणि पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, ऊस नाही. चार ओळींचे हे नियम राज्याच्या कुठल्याही जलनीतीपेक्षा स्पष्ट आहेत. हिवरे बाजारने पुढे त्यात वार्षिक ताळेबंदाची भर घातली. पावसाळा संपला की गाव पाणी मोजते आणि मग पिके ठरवते. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. या दोन्ही ठिकाणी काम माथ्यापासून पायथ्याकडे झाले, म्हणजे आधी माती अडली आणि पाणी तिच्यामागून थांबले.

२०१४ नंतरच्या जलयुक्त शिवारात हा क्रम अनेक ठिकाणी उलटा झाला. माथ्यावरचे चर आणि बांधबंदिस्ती कष्टाची, ओढ्यात जेसीबी घालणे सोपे. खोलीकरणाने खालच्या विहिरींना चार दिवस पाणी आले, वरच्या रानाची माती मात्र वाहतच राहिली. शेततळ्यांचेही तेच. पावसाचे वाहते पाणी धरण्यासाठी असलेल्या तळ्यात प्लास्टिक अंथरून बोअरचे पाणी उपसून भरले जाते. जमिनीखालचे, सावलीतले, सर्वांचे पाणी वर आणून उन्हात ठेवायचे आणि एकाच्या नावावर करायचे, याला जलसंधारण म्हणण्याची हिंमत मला होत नाही.

ठिबकचे गुण सगळ्यांना माहीत आहेत. पण ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लागला, तर खोऱ्याच्या हिशेबात काहीच वाचले नाही. शिवाय ठिबकच्या ओल्या गोलाच्या कडेला क्षार साठतात. ते धुवायला चांगला पाऊस किंवा मधूनमधून जास्तीचे पाणी लागते. आणि ज्या वाळवा-मिरज-शिरोळकडे आपण संपन्नतेचा नमुना म्हणून बोट दाखवतो, तिथे नीरेची कहाणी पुन्हा घडली आहे. हजारो एकर जमीन खारवट-चोपण झाली. जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून ती सुधारते, हे शिरोळच्या शेतकऱ्यांनी दाखवले. पण त्यासाठी सगळ्या पट्ट्याने एकत्र यावे लागते, कारण पाणी सातबारा पाहून वाहत नाही. म्हैसाळ, ताकारी, टेंभू या योजनांचे पाणी आता दुष्काळी तालुक्यांत पोचते आहे. पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिलेल्या माणसाने ऊस लावला तर त्याला दोष कसा देणार? दोष आहे तो पाण्याबरोबर निचऱ्याचा नकाशा आणि मातीचा अहवाल न पाठवणाऱ्या व्यवस्थेचा.

कायदे आहेत. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना घनमापनाने पाणी घ्यायचा अधिकार दिला. नाशिकजवळच्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांनी तो चालवून दाखवला, आणि शेपटाकडच्या शेतालाही पाणी पोचवले. बहुतेक ठिकाणी मात्र संस्था कागदावर आणि चाऱ्या गवतात.

धरणांतल्या साठ्याची टक्केवारी आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. मातीतल्या ओलीची वाचत नाही. कृषी विद्यापीठे आणि हवामान केंद्रे यांनी मनावर घेतले तर सप्टेंबरअखेर प्रत्येक तालुक्यातल्या हलक्या, मध्यम आणि भारी जमिनीत किती ओल उरली आहे, हे सांगता येईल, आणि शेतकऱ्याला ज्वारी, हरभरा की पडीक हे त्यावर ठरवता येईल. कालव्याचे पहिले रब्बी आवर्तनही त्यावरूनच ठरावे. ग्रामसभेत पुढच्या वेळी नव्या बंधाऱ्याचा ठराव येईल, तेव्हा वाचकांपैकी जे गावी असतील त्यांनी एवढे विचारावे: वरच्या माळाची बांधबंदिस्ती झाली आहे का, आणि खालच्या काळीचा निचरा कुठे जातो? या दोन प्रश्नांना उत्तर नसेल, तर ठराव परत पाठवावा.