नागिणीवरचे औषध : ॲसायक्लोव्हिर कसे काम करते?

या पाठात आपण तीन गोष्टी पाहू : नागीण कशामुळे होते, ॲसायक्लोव्हिर हे औषध विषाणूला कसे अडवते, आणि ते विषाणूला शरीरातून कायमचे का काढू शकत नाही.

१. नागीण म्हणजे काय?

छातीवर किंवा कमरेवर एकाच बाजूला पट्ट्यासारखे पाणीदार फोड उठतात. आग होते, ठणका लागतो. मराठीत या रोगाला नागीण म्हणतात, तर म्हैसूरकडे कन्नडमध्ये 'सर्पसुत्तु', म्हणजे सापाचा विळखा. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, अशी समजूत तुम्हीही ऐकली असेल.

खरे कारण वेगळे आहे. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या, तरी त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो पाठीच्या कण्याजवळच्या चेतागंडिकांत सुप्तावस्थेत राहतो. वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती घटली, की एखाद्या गंडिकेतला विषाणू जागा होतो आणि तिच्या चेतातंतूंमधून त्वचेपर्यंत येतो. हे चेतातंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरलेले असतात, म्हणून पट्टा सहसा मध्यरेषेशी थांबतो. 'विळखा' पूर्ण होत नाही, त्याचे कारण हेच.

हा विषाणू हर्पिस कुळातला आहे. ओठांवर किंवा जननेंद्रियांवर फोड आणणारे हर्पिस सिंप्लेक्स विषाणू याच कुळातले.

२. विषाणूवर औषध शोधणे अवघड का?

जीवाणूला स्वतःची पेशीभित्तिका असते. पेनिसिलिन तिच्यावरच घाव घालते. विषाणू मात्र आपल्याच पेशीची यंत्रणा वापरून वाढतो. त्यामुळे त्याला मारताना पेशीलाही इजा होण्याची भीती असते. विल्यम प्रूसॉफ यांनी १९५९ मध्ये तयार केलेले आयडॉक्सयुरिडीन डोळ्यांच्या हर्पिसवर उपयोगी ठरले. पण ते निरोगी पेशींच्या डीएनएतही शिरत असल्याने पोटातून देण्याजोगे नव्हते.

३. ॲसायक्लोव्हिरची युक्ती

१९७० च्या दशकात बरोज वेलकम कंपनीत हॉवर्ड शेफर, गर्ट्रूड एलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲसायक्लोव्हिर विकसित केले. औषधनिर्मितीच्या मूलभूत तत्त्वांसाठी एलियन यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक जॉर्ज हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासह मिळाले.

ॲसायक्लोव्हिर दिसायला ग्वानोसिनसारखे असते, पण त्यातले शर्करेचे कडे अपुरे असते. त्याचे कार्य तीन पायऱ्यांत समजून घ्या :

(अ) गोळीतले औषध निष्क्रिय असते. विषाणूचे थायमिडीन कायनेझ हे विकर त्याला पहिला फॉस्फेट जोडते. आपल्या पेशींतली विकरे हे काम जवळजवळ करतच नाहीत.

(आ) पुढचे दोन फॉस्फेट पेशीची विकरे जोडतात. आता औषध सक्रिय होते.

(इ) विषाणूचे डीएनए पॉलिमरेझ हे सक्रिय रूप ग्वानिनच्या जागी साखळीत बसवते. पण पुढची कडी जोडायला लागणारा हायड्रॉक्सिल गट त्यात नसतो. साखळी तिथेच तुटते.

म्हणजे औषध जागे करण्याचे काम विषाणूच करतो. जिथे संसर्ग आहे तिथेच औषध मुख्यतः सक्रिय होते आणि निरोगी पेशी बचावतात.

४. मर्यादा

सुप्त विषाणू डीएनएच्या प्रती काढत नाही. त्यामुळे त्याच्यावर औषध चालत नाही, आणि रोग पुन्हा उद्भवू शकतो.

पोटातून घेतलेल्या ॲसायक्लोव्हिरचा साधारण १५ ते २० टक्केच भाग रक्तात पोहोचतो. म्हणून नागिणीत त्याच्या गोळ्या दिवसातून पाच वेळा घ्याव्या लागतात. त्याला व्हॅलिन हे अमिनो आम्ल जोडून केलेले व्हॅलासायक्लोव्हिर अधिक शोषले जाते; ते तीन वेळा पुरते.

थायमिडीन कायनेझ निकामी झालेल्या विषाणूवर ॲसायक्लोव्हिर चालत नाही. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णांत असे विषाणू जास्त आढळतात. तेव्हा फॉस्कारनेट वापरतात. ते सक्रिय व्हायला या विकराची गरज नसते.

५. वेळेचे महत्त्व

औषध विषाणूची वाढ थांबवते, झालेली इजा भरून काढत नाही. म्हणून पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत ते सुरू करणे उत्तम. गेरूचा लेप आणि मंत्र यांत हेच तीन दिवस निघून जातात. फोड सुकल्यावरही काही रुग्णांत, विशेषतः वयस्कर माणसांत, महिनोन्‌महिने वेदना राहतात. डोळ्याजवळ फोड असतील तर दृष्टीला धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे. घरात आजी-आजोबांना असा पट्टा दिसला, तर हा पाठ आठवा.

स्वाध्याय

१. ॲसायक्लोव्हिर निरोगी पेशींना फारशी इजा का करत नाही?
२. नागिणीचा पट्टा सहसा एकाच बाजूला का असतो?
३. फॉस्कारनेटची गरज केव्हा पडते? कारण द्या.