शोधनिबंधांची मोजदाद

आंब्याच्या कोयीतून आंबाच उगवतो, बाभूळ उगवत नाही. आईबापांचे गुण संततीत उतरतात, हा नियम सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु जीवाणूंच्या सूक्ष्म जगात याखेरीज आणखी एक व्यवहार चालतो. सजीवाचे गुण ज्यांच्यामुळे ठरतात, ती जनुके तेथे एक जीवाणू शेजारच्या जीवाणूला, प्रसंगी परक्या जातीच्या जीवाणूलाही देतो. या देवघेवीवर आजवर सहस्रावधी शोधनिबंध लिहिले गेले आहेत. विद्वानांचे लक्ष या विषयाकडे केव्हा वळले, ते वाढले की ओसरले, हे त्या निबंधांच्या मोजणीवरून जाणता येते.

मोजण्याची रीत वरवर पाहता सोपी आहे. शास्त्रीय नियतकालिकांतील निबंधांच्या सूच्या असतात. पूर्वी त्या जाडजूड ग्रंथरूपाने निघत. आता संगणकावर पाहावयास मिळतात. त्यांत विषयाचे नाव शोधावे आणि वर्षवार आकडे मांडावे, एवढेच काम. पण समजा, एका वर्षी निघालेल्या १,००० निबंधांपैकी २ या विषयावर होते आणि काही वर्षांनी १०,००० पैकी २० झाले. मग विषयाची आवड दसपट वाढली असे म्हणावे काय? मुळीच नाही. हजारी प्रमाण पूर्वीइतकेच राहिले आहे. म्हणून त्या त्या वर्षीच्या एकूण निबंधांशी प्रमाण काढल्यावाचून नुसत्या आकड्याला फारसा अर्थ नसतो.

दुसरी अडचण नावाची. १९२८ साली इंग्लंडमधील फ्रेडरिक ग्रिफिथ याने न्यूमोनियाच्या जंतूंवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. रोग न करणारे जिवंत जंतू आणि उष्णतेने मारलेले घातक जंतू त्याने एकत्र करून उंदरांना टोचले. उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात घातक जंतू चक्क जिवंत सापडले. मेलेल्यांचा गुण जिवंतांनी उचलला होता! हा गुण वाहून नेणारे द्रव्य डीएनए होय, हे न्यूयॉर्कमध्ये एव्हरी, मॅक्लिऑड व मॅकार्टी यांनी १९४४ साली दाखविले. ‘जनुकांची देवघेव’ हे आजचे शब्द ग्रिफिथच्या निबंधात कोठून असणार? केवळ तेच शब्द शोधणाऱ्याच्या हातून मूळ निबंधच निसटेल.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो भाषेमुळे. १९५० नंतरच्या दशकात जपानमध्ये रक्ती आवेच्या रोग्यांत एक विलक्षण गोष्ट दिसू लागली. शिगेला नावाचे जंतू एकाच वेळी चार औषधांना दाद देईनासे झाले. एका औषधाला न जुमानणारा जंतू निपजणे समजण्यासारखे होते. पण चारही एकदम? १९५९ साली आकिबा व ओचिआइ या शास्त्रज्ञांच्या गटांनी याचे कोडे उलगडले. आतड्यात राहणाऱ्या एश्चेरिकिया कोलाय या निराळ्याच जीवाणूकडून शिगेलाला हा गुण मिळत होता. वैद्यकाच्या दृष्टीने ही केवढी गंभीर सूचना! परंतु ती जपानी भाषेत होती. पाश्चात्त्य जगाचे तिच्याकडे लक्ष वेधले ते मुख्यतः त्सुतोमु वातानाबे याने १९६३ साली इंग्रजीत लिहिलेल्या आढाव्यामुळे. केवळ इंग्रजी निबंध मोजणाऱ्याला १९५९ हे वर्ष रितेच दिसेल.

यावर एक तोड निघाली आहे. प्रत्येक निबंधाच्या शेवटी लेखक आपल्या आधारभूत निबंधांची नोंद करतो. कोणी कोणाचा आधार घेतला याचीच सूची करावी, अशी कल्पना अमेरिकेतील यूजीन गारफील्ड याने १९५५ साली मांडली. तिला उत्तेजन देणाऱ्यांत जोशुआ लेडरबर्ग होता. जीवाणूंमध्ये गुणांची अदलाबदल होते, हे टेटमसह १९४६ साली दाखविणारा शास्त्रज्ञ तोच! अशा सूचीच्या साहाय्याने वाट उलटी चालता येते. वातानाबेच्या आढाव्याच्या शेवटी असलेल्या नोंदी धरून मागे गेले की जपानी निबंध हाती लागतात, मग त्यांची भाषा किंवा शब्द कोणतेही असोत.

ग्रिफिथ १९४१ साली लंडनवरील बाँबहल्ल्यात मरण पावला. आपण पाहिलेल्या चमत्काराचा उलगडा ऐकण्यास तो उरला नाही. त्याच्या निबंधाचा आधार घेणारे लेख मात्र अजूनही निघत आहेत आणि मोजलेही जात आहेत.