खुर्चीसकट चला, नांदेडहून लातूरला!

"तुम्ही सगळे जाऊन या, मी आहे घर सांभाळायला." घरात कोणी चाकांच्या खुर्चीवर असलं, की सहलीचा विषय निघताच हे वाक्य ठरलेलं. सासूबाई असोत, अपघातानंतर खुर्चीवर आलेली जाऊ असो, की लहानपणी पोलिओ झालेली मावशी असो. पुष्कळ घरांत ते लगेच मान्यही होतं. मैत्रिणींनो, यंदाच्या थंडीत ते मान्य करू नका. आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारा : तुम्हाला काय बघायचंय? आपण परस्पर देवळं ठरवतो, आणि त्यांना मात्र जुनी बाजारपेठ बघायची असते!

आपला हा मुलूख या कामी सोयीचा आहे बरं का. सह्याद्रीतले गड म्हटले की पायऱ्या आल्याच. इथले कंधार, औसा, उदगीर हे किल्ले भुईकोट. नांदेड ते लातूर अंतर दीडशे किलोमीटरच्या आतच, राष्ट्रीय महामार्ग ३६१ वरून लोहा, अहमदपूर, चाकूर करत. अंतर थोडं म्हणून एका दिवसात उरकू मात्र नका. तीन दिवस ठेवा.

आता ज्या गोष्टीबद्दल कोणी बोलत नाही, तिथून सुरुवात करू. प्रवासाच्या दिवशी खुर्चीवरची बाई सकाळपासून पाणीच पीत नाही. विचारलं तर म्हणते, तहान नाही. तहान असते हो, पण वाटेत 'जायचं' कुठे, ही चिंता असते. पाणी तोडल्यानं लघवीची जळजळ, ताप, जंतुसंसर्ग, सगळं मागे लागतं आणि सहलीनंतर आठवडाभर अंथरूण. पेट्रोलपंपावर शौचालय असतं, पण बहुतेक ठिकाणी त्याला पायरी, आत भारतीय बैठक आणि दार अरुंद. म्हणून घडीची कमोड खुर्ची गाडीतच टाका. औषधांच्या मोठ्या दुकानात मिळते. बायकांसाठी वेगळ्या तोंडाचं युरिन पॉटही मिळतं. सावलीच्या जागी गाडी उभी करून एका बाजूची दोन्ही दारं उघडायची आणि मधे जाड चादर बांधायची, की झाला आडोसा. पाच लिटरचा पाण्याचा कॅन, साबण, जुनी फडकी सोबत. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिकडे जाताना पाणी घरूनच न्यायला काय हरकत आहे? दर दीड-दोन तासांनी थांबायचं हे निघायच्या आधीच त्यांना सांगून टाका. म्हणजे त्या निर्धास्तपणे पाणी पितील.

गाडी भाड्यानं घेणार असाल तर डिकी आधी उघडून बघा. गॅसवर चालणाऱ्या गाडीत तिथे टाकी बसलेली असते, मग घडी केलेली खुर्ची ठेवायची कुठे? बसायला पुढची सीट, पार मागे सरकवून. आधी पाठमोरं बसायचं, मग पाय आत घ्यायचे. सीटवर प्लॅस्टिकची मोठी पिशवी अंथरली की अंग अलगद वळतं, मात्र बसून झाल्यावर ती काढून घ्या, नाहीतर ब्रेक लागताच माणूस पुढे घसरेल. अंगाला संवेदना कमी असेल तर बसायला खुर्चीचीच गादी घ्या आणि दर अर्ध्या तासाला त्यांना थोडं कलतं करा. एकाच जागी दाब पडून झालेली जखम भरायला महिने लागतात.

मुक्कामाच्या जागी फोन करून 'व्हीलचेअरची सोय आहे का' असं विचारूच नका. उत्तर 'हो' असंच येतं! तळमजल्याची खोली मागा आणि म्हणा, न्हाणीघराच्या दाराची रुंदी टेपनं मोजून सांगा. नेहमीची खुर्ची पंचवीस-सव्वीस इंच रुंद असते. तुमची घरीच मोजून ठेवा. दार त्याहून तीन-चार इंच तरी मोठं हवं. उंबरा किती उंच, तेही विचारा. एक इंच उंचीला बारा इंच फळी, असा हिशेब. म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांची फळी. उतरताना खुर्ची उलटी न्यायची, बसलेल्याचं तोंड चढाकडे.

पहिला दिवस नांदेडचा. गुरू गोविंदसिंगजींचं इथे १७०८ मध्ये देहावसान झालं. त्या जागी महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंड गुरुद्वारा बांधवला. डोक्यावर पदर पुरतो. चाकं ओल्या फडक्यानं पुसा आणि खुर्ची कुठून न्यायची ते तिथल्या सेवेकऱ्यांना विचारा. संध्याकाळी विष्णुपुरीला, गोदावरीच्या अडवलेल्या पाण्याकडे. नदीचे घाट म्हणजे पायऱ्याच, त्यांच्या वाट्याला जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोह्याहून कंधारला वळा. राष्ट्रकूटांचं हे जुनं गाव. किल्ला तिसऱ्या कृष्णाच्या नावानं ओळखला जातो, भोवती खंदक, आणि गावाजवळ राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र तलाव. भुईकोट असला तरी दरवाज्यातला उंबरा आणि आतले दगडी चढउतार खुर्चीला मानवत नाहीत, असंच धरून चाला. आधी घरातल्या एकानं आत जाऊन बघून यावं. जमण्यासारखं नसेल तर तटबंदी आणि खंदक बाहेरून बघा आणि डबा तलावाकाठी सोडा.

इथे एक सांगायलाच हवं. आपली माणसं फार मदतीची. खुर्ची दिसली की चार पोरं धावत येतात आणि 'मावशी, बसा निवांत' म्हणत थेट उचलतात. हौस मोठी, पण हात घालतात खुर्चीच्या हातांना नाहीतर पावलाच्या पट्टीला, आणि नेमके तेच भाग निघून येतात. उचलायचंच तर मागच्या मुठी आणि पुढची पक्की लोखंडी चौकट धरून. आणि त्याआधी बसलेलीला विचारून. तिला उचलून घ्यायचं नसेल, तर विषय संपला. मग किल्ला कितीही सुंदर असो.

लातूरला गंजगोलाई सकाळी लवकर, दुकानं उघडायच्या आत गाठा. १९१७ सालची ही गोल पेठ, मधे जगदंबेचं देऊळ आणि भोवती सोळा रस्ते. गर्दी झाली की खुर्ची हलत नाही, पण सकाळी एक फेरी निवांत होते. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, मिळाली तर घ्या. औसा तिथून वीसेक किलोमीटर. उदगीरसाठी वेगळा दिवस हवा.

जमलं तर हा तिसरा दिवस वेळा अमावस्येला साधा. मार्गशीर्षातली अमावस्या, आपली येळवस. सगळं लातूर शेतात जातं, गावं ओस पडतात, आणि ओस पडलेल्या त्या घरांत कोण मागे राहतं ते तुम्हाला ठाऊक आहे. कडब्याची कोप, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. कितीतरी जणींनी हे वर्षानुवर्षं फक्त डब्यातून खाल्लेलं असतं. ज्या नातेवाइकांच्या शेतात जाणार, त्यांना आधी कळवा : कोप बांधाजवळ, गाडीवाटेच्या कडेला घाला. काळ्या रानात खुर्चीची पुढची लहान चाकं रुततात. तेव्हा खुर्ची मागच्या चाकांवर किंचित कलती करून उलटी ओढत न्यायची. जमीन ओली असेल तर तोही नाद नको, गाडी बांधापर्यंत नेऊन दार उघडं ठेवा आणि पंगत गाडीपाशी मांडा.

निघायच्या आदल्या दिवशी चाकांत हवा भरून घ्या, आणि पंप सोबत असू द्या.