९.८ च्या लेबलाआड

नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘सुपरमॅन’च्या १९३९ सालच्या पहिल्या अंकाची एक प्रत अमेरिकेत लिलावात ९१ लाख २० हजार डॉलरना गेली. छापील किंमत १० सेंट. कॅलिफोर्नियात आईच्या घराच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली ती तिघा भावांना सापडली होती. अशी बातमी आली की बरेच जण आपापले माळे उपसतात, आणि त्यांना गंडवायला टपलेलेही कामाला लागतात. जुन्या कॉमिक्सच्या बाजारात आज जी फसवणूक चालते, तिचं मूळ बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या डोक्यात पक्क्या बसलेल्या काही समजुतींत असतं.

पहिली समजूत : जुना अंक म्हणजे किमती अंक.

तिसाव्या-चाळिसाव्या दशकातले अंक दुर्मिळ झाले, कारण मुलांनी ते वाचून वाचून फाडले, घरच्यांनी रद्दीत घातले आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कागद गोळा करण्याच्या मोहिमांत उरलेसुरलेही गेले. १९९१ च्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाचं नेमकं वेगळं झालं. त्याच्या ८० लाखांवर प्रती विकल्या गेल्या आणि ‘पुढे भाव येईल’ म्हणून लोकांनी त्या पहिल्या दिवसापासून प्लास्टिकमध्ये जपल्या. सगळ्यांनीच जपल्या, म्हणून भाव आला नाही. सुपरमॅनच्या मृत्यूचा १९९२ मधला अंकही काळ्या पिशवीत सीलबंद असा घरोघरी पडून आहे.

याच समजुतीवर एक जुना सापळा लावलेला असतो. डीसी कंपनीने १९७४ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या १९३८ मधल्या पहिल्या अंकाचं मोठ्या आकारात पुनर्मुद्रण केलं. बाहेरचं वेष्टनवजा मुखपृष्ठ काढून टाकलं की आत हुबेहूब मूळ मुखपृष्ठ दिसतं, तारखेसकट. ते मूळ म्हणून खपवण्याचे प्रकार वर्षानुवर्षं चालू आहेत. फूटपट्टी लावली की निकाल लागतो : मूळ अंकाची उंची साधारण सव्वादहा इंच, पुनर्मुद्रण तेरा इंचांवर. फोटोवरून खरेदी करणाऱ्याच्या हाती मात्र फूटपट्टी नसते.

दुसरी समजूत : ग्रेड म्हणजे मोजमाप.

ग्रेड हे मत असतं. जाणकारांचं असतं, पण मतच. ०.५ ते १० अशी पट्टी असते. कण्यावरच्या बारीक घड्या, कोपऱ्यांची झीज, टाचण्यांचा गंज, कागदाचा रंग हे सगळं पाहून आकडा ठरतो. २००० पर्यंत हा आकडा सहसा विकणाराच ठरवायचा. १९७० पासून निघणारी ‘ओव्हरस्ट्रीट’ची दरपुस्तिका हाताशी असे, पण ‘उत्तम’ आणि ‘जवळजवळ नवा’ यांतली रेघ दुकानदाराच्या मर्जीने सरकायची. २००० मध्ये अमेरिकेत सीजीसी ही कंपनी सुरू झाली. अंक त्रयस्थ माणसांनी तपासायचा, पारदर्शक प्लास्टिकच्या कवचात बंद करायचा आणि वर आकड्याचं लेबल लावायचं, ही तिची पद्धत. या कवचाला बाजारात ‘स्लॅब’ म्हणतात.

याने बाजाराला शिस्त आली, यात शंका नाही. पण तोच अंक कवच फोडून पुन्हा पाठवला तर आकडा थोडा वरखाली होऊ शकतो, आणि काही जण वरच्या आशेने पुन्हा पुन्हा पाठवतातही. ९.६ आणि ९.८ यांत कधी कधी कण्यावरच्या एखाद्या केसाएवढ्या घडीचा फरक असतो. तेवढ्यासाठी किंमत मात्र कित्येकदा दुप्पट होते. जिथे केसाएवढ्या फरकाला एवढा पैसा मिळतो, तिथे लबाडीला जागा राहणारच.

तिसरी समजूत, आणि सगळ्यांत महाग पडलेली : स्लॅबमध्ये आहे म्हणजे काळजी नाही.

२०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या संग्राहकांना जे कळलं, त्याने हा विश्वास मुळापासून हलला. कवचावर चरे पडले किंवा ते तडकलं तर सीजीसीकडून नवं कवच घालून घेता येई. ग्रेड आधीच ठरलेला, त्यामुळे अंक नव्याने तपासला जात नसे. जुनं लेबल पाहून तोच आकडा नव्या कवचावर चढे. भामट्याने नेमकं इथेच बोट घातलं. ९.८ चा अंक विकत घ्यायचा. उघडल्याचं दिसणार नाही अशा बेताने कवच उघडायचं. चांगला अंक काढून त्या जागी त्याच क्रमांकाची हलकी प्रत सारायची. मग ‘कवच खराब झालंय, बदलून द्या’ म्हणून पाठवायचं. परत येतं ते कंपनीचं अस्सल नवं कवच, अस्सल लेबल आणि आत कमअस्सल अंक. बाहेर काढलेला चांगला अंक नव्याने ग्रेडिंगला पाठवला की त्यालाही पुन्हा वरचा आकडा. एका अंकाचे दोन झाले.

ही चोरी कुठल्या यंत्राने पकडली नाही. संग्राहकांनीच जुन्या विक्रीतले फोटो आणि नवे फोटो शेजारी ठेवले. प्रत्येक छापील अंकाला अंगच्या खुणा असतात : टाचणी किती तिरकी बसली, मुखपृष्ठ कण्यावर किती सरकलंय, छपाईत शाईचा ठिपका कुठे पडलाय. या खुणा जुळेनात. पुढे कंपनीने संशयित अंकांच्या क्रमांकांची यादी जाहीर केली. तीत शेकडो अंक होते.

यातली मेख लक्षात घ्या. स्लॅबवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा, असा सल्ला सगळे देतात, आणि तो बरोबरच आहे. बनावट कवचं आणि बनावट लेबलंही बाजारात फिरतात. पण या प्रकरणात क्रमांक खरा होता, कवच खरं होतं, लेबल खरं होतं. म्हणून संकेतस्थळावर त्या प्रतीचा फोटो असेल, किंवा तीच प्रत पूर्वी लिलावात गेली असेल, तर तो फोटो शोधून आतल्या अंकाशी ताडून पाहणं हाच खरा उपाय. अर्धा तास जातो. ज्याला तो जड वाटतो त्याने लाखाची खरेदी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बंद कवचाची आणखी एक अडचण आहे : आतली पानं दिसत नाहीत. १९७४ चा ‘इन्क्रेडिबल हल्क’ क्रमांक १८१ घ्या, वुल्व्हरीन पूर्णपणे अवतरला तो अंक. त्या काळी मार्व्हलच्या अंकांत आत एक छोटं चित्र छापत असत. मुलांनी ते कापून वहीत चिकटवायचं. हजारो मुलांनी इमानाने कापलं. बाहेरून कोरी करकरीत दिसणारी प्रत आत खिडकी पडलेली निघते आणि किंमत धाडकन खाली येते. प्रामाणिक ग्रेडिंगमध्ये हे नोंदवलं जातं. अदलाबदल झालेल्या प्रतीत कोण नोंदवणार?

चौथी समजूत : दुरुस्त केलेला अंक म्हणजे फसवणूक.

दुरुस्ती लपवणं ही फसवणूक. फाटलेलं चिकटवणं, उडालेला रंग भरणं, टाचण्या बदलणं हे सांगून केलं तर त्याला वेगळं लेबल मिळतं, सीजीसीकडे जांभळं, आणि किंमतही त्याप्रमाणे कमी. सर्वांत वाईट प्रकार कडा कापण्याचा. झिजलेली कड मिलिमीटरभर तासली की कोपरे पुन्हा धारदार दिसतात. पानांचा मधला भाग पिवळसर आणि कड मात्र पांढरीशुभ्र, असं दिसलं तर संशय घ्यावा. अंकाला उष्णता आणि दाब देऊन सुरकुत्या घालवण्याला मात्र सीजीसी दुरुस्ती मानत नाही. यावर संग्राहकांत अजून वाद आहेत. माझ्या मते न सांगता दाबलेल्या प्रतीचा वरचा आकडा थोडा उसनाच असतो.

आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्स आणि अमर चित्रकथा यांच्या जुन्या अंकांना मागणी आहे. १९६४ ते १९९० या काळातल्या इंद्रजालच्या मराठी अंकांतला वेताळ कित्येकांनी लहानपणी वाचलेला. हे अंक बहुतेक सुटेच विकले जातात, त्यामुळे स्लॅबचा प्रश्न कमी. पण मुखपृष्ठ रंगीत झेरॉक्सचं नाही ना, मधली पानं दुसऱ्याच प्रतीतली नाहीत ना, हे पाहावंच लागतं. पानांचे क्रमांक मोजा, टाचण्यांची भोकं पानोपान जुळतात का ते बघा, मुखपृष्ठ भिंगाखाली धरा. शिवाय आपल्या दमट हवेत कोकणातल्या किंवा मुंबईच्या कपाटात चार पावसाळे काढलेला अंक ‘नवाकोरा’ असेल, तर तो कुठे आणि कसा ठेवला होता हे विचारायला लाजू नका.

महागडी प्रत घेताना चारही कडांचा, मागच्या मुखपृष्ठाचा आणि टाचण्यांचा जवळून घेतलेला फोटो मागा, आणि पैसे परत मिळवता येतील अशाच मार्गाने द्या. फोटो द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर लेबलावर कितीही आकडा असो, तो अंक घेऊ नका.